‘गाणी भरून मिळतील’ : लोकलच्या पट्ट्यातल्या कानांचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ठाण्याला जागा मिळाली नाही तर कल्याणपर्यंत उभ्याने वाचायला पुरेल, एवढी.

आपल्याकडे संगीताचा इतिहास म्हटलं की गाणाऱ्यांचा इतिहास सांगतात. घराणी, तालीम, मैफली, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं वगैरे. ऐकणाऱ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. त्यातही मुंबईच्या बाहेर राहून रोज मुंबईत कामाला जाणारा, पहिल्या बोनसमध्ये रेडिओ आणि पुढच्या कुठल्यातरी बोनसमध्ये टेपरेकॉर्डर घेणारा, शनिवारी अर्धा दिवस सुटला की ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर कपॅसिटर आणि स्पीकर धुंडाळणारा जो माणूस ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात हजारोंनी होता, तो तर कुठेच नाही. घरात त्याला ‘उद्योग नाहीत दुसरे’ म्हणायचे. (लॅमिंग्टन रोडचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव विचारत गेलात तर पोहोचाल की नाही, शंका आहे.)

या माणसाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला हवं ते गाणं सरळ रस्त्याने फारसं कधी मिळालं नाही. दर पिढीत त्याला एखादी आडवाट काढावी लागली. त्यातली बरीचशी वाट कायद्याच्या कडेने, कधी कधी कायद्याच्या पलीकडून गेली. आज पहिल्यांदाच रस्ता सरळ, डांबरी आणि जवळजवळ फुकट आहे. आणि नेमकं आजच आपल्या घरात गाणं उरलेलं नाही. कसं ते सांगतो.

सुरुवात लायसनपासून. हो, रेडिओ ऐकायला लायसन लागायचं. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती आपल्याकडे संशयाने बघतात. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं तेव्हा घरी रेडिओ ठेवण्याचा परवाना वर्षाला १० रुपयांचा होता. कंपनी तीन वर्षांत गुंडाळली गेली, रेडिओ सरकारने घेतला, परवाना राहिला. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने तर विनापरवाना बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरवला. स्वातंत्र्य आलं, कायदा तोच. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि लायसनच्या पुस्तकात नोंद करून आणायची. कित्येक घरांत रेशनकार्ड, विम्याची पावती आणि रेडिओचं लायसन एकाच पिशवीत असायचं. ऐंशीच्या दशकात हे प्रकरण एकदाचं संपलं.

ब्रिटिशांना एवढी धास्ती का होती, याचं उत्तर गिरगावातच मिळतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवण्यासाठी ट्रान्समीटर या जागेवरून त्या जागेवर हलवत १२ नोव्हेंबरपर्यंत तो वाजता ठेवला. त्यामागे राजकारण होतं तसं तंत्राचं वेडही होतं. सुटे भाग जमवून ट्रान्समीटर उभा करू शकणारी माणसं या शहरात होती. सरकारला खरी भीती असते ती अशा हौशी माणसांची. फक्त ऐकत बसणाऱ्याला कोण घाबरतंय?

आता स्वतंत्र भारतातली गंमत बघा. १९५२ ला बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे खरेखुरे चाहते. त्यांचं म्हणणं, सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं आक्रसत गेली, निर्मात्यांशी करारावरून वाजलं आणि काही काळ ती जवळजवळ दिसेनाशी झाली. (पेटीवर तर आकाशवाणीत १९४० पासूनच बंदी होती. म्हणजे ज्या वाद्याशिवाय आपल्या गावात भजन उभं राहत नाही, ते देशाच्या रेडिओला चालत नव्हतं.)

मग लोकांनी काय केलं? सुई फिरवली. शॉर्टवेव्हवर कोलंबो लागत होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी ब्रिटिशांनी सिलोनमध्ये दणकट ट्रान्समीटर बसवले होते, युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. १९५२ च्या अखेरीस तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईत, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून प्रक्षेपित होऊन पुन्हा मुंबईच्या, कल्याणच्या, नाशिकच्या घरात यायची. मुंबईतलं गाणं डोंबिवलीला पोहोचायला श्रीलंकेला वळसा! अमीन सयानी सांगत, की पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रं आली. एका मंत्र्याच्या अभिरुचीविरुद्ध देशाने पोस्टकार्डांवर मतदान केलं असं म्हटलं तरी चालेल.

केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मात्र मला पटत नाही. त्यांच्याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्राने वर्षभर गीतरामायण दिलं. दर आठवड्याला नवं गाणं, गदिमांचं आणि बाबूजींचं, एकूण ५६. कुठल्याही खासगी कंपनीने त्या काळी हा धोका पत्करला नसता. ज्येष्ठ गायक-वादकांना रेडिओने पगार आणि प्रतिष्ठा दिली, तीही याच काळात. म्हणजे सरकारला चांगलं कळत नव्हतं असं नाही. श्रोत्यालाही काही कळतं, एवढंच मान्य नव्हतं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावीच लागली. त्यातही दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई-पुणे-नागपूरवरून जाहिराती सुरू झाल्या आणि हिशोब पूर्ण झाला. जे सिलोन करत होतं, तेच आपण करू लागलो.

यात आपल्या पट्ट्याचा वेगळा संबंध असा, की हे रेडिओ बनवणाऱ्यांतले बरेच हात इथलेच होते. गालावर बोट ठेवलेल्या बाळाचा तो मर्फी रेडिओ आठवतो? त्याचा कारखाना ठाण्यात होता. जुन्या ठाणेकरांत मर्फीत काम केलेलं कोणीतरी भेटतंच. पट्ट्यावर सुटे भाग जोडणारा माणूस संध्याकाळी शेजाऱ्याच्या रेडिओचा व्हॉल्व्ह बदलून देई, त्याचा मुलगा ते बघत मोठा होई. हौस ही अशी कारखान्यातून चाळीत झिरपत आली.

रेडिओ सरकारच्या हातात असला की काय होतं, त्याचा कडेलोट १९७६ मध्ये दिसला. आणीबाणीत काँग्रेसच्या कार्यक्रमासाठी गायला किशोरकुमारने नकार दिला आणि ४ मे पासून त्याची गाणी आकाशवाणी-विविध भारतीवरून गायब झाली. पुढे शहा आयोगापुढे हे प्रकरण निघालं. ज्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता त्याचा किशोर चालू राहिला. ज्याच्याकडे फक्त रेडिओ होता त्याचा किशोर बंद झाला. स्वतःचं यंत्र आणि स्वतःची प्रत घरात असणं म्हणजे काय, हे त्या वर्षात ज्यांना कळलं त्यांनी पुढे टेपरेकॉर्डर घेतला, असं माझं आपलं मत.

आणि मग कॅसेट आली. इथे जरा थांबूया, कारण माझ्या मते आपल्या पट्ट्याचा सुवर्णकाळ हाच.

फिलिप्सने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ ला बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, पण आपल्याकडे ती घराघरात शिरली सत्तरीच्या अखेरीस. आखातात कामाला गेलेल्यांच्या सामानातून. कोकणातला, भिवंडीतला, मुंब्र्यातला माणूस सौदी-कुवेतहून सुट्टीवर आला की खांद्यावर टू-इन-वन असायचाच. ज्यांचं आखातात कोणी नव्हतं त्यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट आणि मुसाफिरखाना. माल कुठून आला हे विचारायचं नाही, पावती मागायची नाही, गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. आणि आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना तर दारातच उल्हासनगर.

उल्हासनगरबद्दल दोन शब्द, कारण आपण त्याची फक्त चेष्टा करतो. युद्धकाळातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकीत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. लोक आजही ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात. सगळं गमावून आलेल्या या माणसांनी जे मिळेल ते बनवलं आणि विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्यांनी केला, आणि विनोद करणाऱ्यांनीच तिथून डेकचं खोकं, स्पीकरची पेटी, अडॅप्टर आणि कॅसेटचा स्टँड आणला. आयात बंद, परदेशी माल परवडत नाही आणि देशी कंपनी बनवत नाही, अशा देशात नक्कल ही सोयच असते.

आता कॅसेट रेकॉर्ड करून देणारं दुकान. स्टेशनबाहेर, बहुधा जिन्याखाली, सहा बाय आठचं. बाहेर पाटी : ‘गाणी भरून मिळतील’. आत दोन-तीन डेक, भिंतीवर एलपीची रांग आणि एक लांबलचक वही. वहीत चित्रपटवार यादी. तुम्ही कागदावर आपली गाणी लिहून द्यायची, साठची कॅसेट असेल तर चौदा-पंधरा बसायची, नव्वदची असेल तर वीस-बावीस. नव्वदची टेप पातळ, अडकते, म्हणून जाणकार साठचीच घेत. चार दिवसांनी या. बाजू संपता संपता शेवटचं गाणं मध्येच तुटे, आणि ते गाणं आजही कुठे ऐकलं तर कान त्याच जागी तुटण्याची वाट बघतो.

या शब्दाकडे लक्ष द्या : भरून. आपण रेडिओ ‘लावायचो’, स्टेशन ‘पकडायचो’, पण कॅसेट ‘भरायचो’. पाणी भरावं, धान्य भरावं, तसं. रेडिओचं गाणं हवेतून आलं आणि गेलं. भरलेलं गाणं आपल्या घरात आलं, ते आपलं झालं. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करणाऱ्या समाजाला हा शब्द सुचला यात नवल नाही.

भरण्याबरोबर कौशल्यही आलं. टेप गुंतली की सहा कोनी पेन्सिल घालून फिरवायची. हेड स्पिरिटने पुसायचं. तुटली तर चिकटपट्टीने जोडायची, मधला अर्धा शब्द गेला तरी चालेल. बाजूचे दोन छोटे चौकोन मोडले की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही, आणि मोडले असतील तर त्यावर चिकटपट्टी लावली की येतं! आत्याच्या भजनावर ‘तेजाब’ भरल्याबद्दल मार खाल्लेली किमान दोन माणसं मला ठाऊक आहेत. ही सगळी विद्या कोणत्या अभ्यासक्रमात नव्हती. ती गॅलरीत शिकली जायची.

वीज हा आणखी एक मुद्दा. टू-इन-वनला सेल टाकता येत, ही इथे चैन नव्हती, गरज होती. मुंबई शहरात वीज सहसा जात नाही, आमच्याकडे ती न गेल्याची बातमी होते. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने कल्याण-डोंबिवलीचे तासन्‌तास अंधारात गेले, आणि खाडी ओलांडली की लख्ख उजेड. महानगराच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते असल्या वेळी कळतं. श्रम तिकडे द्यायचे आणि सेल इकडे टाकायचे.

कॅसेटने धंदा कसा उलटापालटा केला, ते बघा. तोवर ध्वनिमुद्रण म्हणजे एच.एम.व्ही. तबकडीसाठी कारखाना लागतो, भांडवल लागतं, म्हणून मोजक्या कंपन्या आणि मोजकी गाणी. कॅसेटला एक खोली पुरते. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. ऐंशीच्या दशकात भारतातली संगीतविक्री बघता बघता जवळजवळ सगळी कॅसेटवर आली आणि छोट्या कंपन्यांचं पीक आलं. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचं दुकान असलेल्या घरातला गुलशनकुमार याच लाटेवर टी-सिरीज घेऊन आला. कॉपीराइट कायद्यातल्या एका पळवाटेने, मूळ गाणं एकदा रीतसर निघालं की सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येत असे. त्याने ते घाऊक केलं. स्वस्त कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात ठेवली. १९९० ला ‘आशिकी’ आला तोवर तो एच.एम.व्ही.च्या उरावर बसला होता. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळाबाहेर त्याला गोळ्या घातल्या. एवढा पैसा या कुरकुरणाऱ्या टेपमध्ये होता.

पण मला त्याच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. स्वस्त कॅसेटमुळे ज्यांना आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत सहज जागा नव्हती त्यांचं गाणं बाजारात आलं. भीमगीतं, कोळीगीतं, आगरी लग्नातली गाणी, कव्वालीचे सामने, तालुक्या-तालुक्यातली भजनी मंडळं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप तबकडीवरही होते, पण कॅसेटने त्यांचा आवाज टेंभी नाक्यापासून मुरबाडपर्यंत रिक्षात आणि मांडवात नेला. वामनदादा कर्डकांची गाणी किती गळ्यांतून, किती लेबलांवर फिरली त्याची मोजदादच नाही. आनंद शिंदेंचा पोपट तर महाराष्ट्राच्या प्रत्येक लग्नात बोलला. सदाशिव पेठेला आवडो न आवडो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांशेजारी कॅसेटचे ढीग लागत, त्यातल्या कित्येक कंपन्यांची नावं पुन्हा कधी दिसली नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्यावर यायचंय.

चोरीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. भरून देणारा दुकानदार ना गायकाला पैसे देत होता ना कवीला. खरंय. पण अधिकृत कंपनी तरी किती देत होती? गायकांना रॉयल्टी हवी म्हणून लताबाईंनी साठच्या दशकात भांडण काढलं, त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचं काही वर्षं गाणं बंद झालं. सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांनी हक्क एकरकमी लिहून द्यायचे, हीच रीत. ती मोडायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. म्हणजे लेखक-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेता येणार नाही, असं कायद्यात यायला स्वातंत्र्यानंतर ६५ वर्षं गेली. डोंबिवलीच्या जिन्याखालच्या दुकानदाराला एकट्याला चोर म्हणून कसं चालेल?

आणि लोकल? १९७९ ला सोनीने वॉकमन काढला, आपल्याकडे तो यथावकाश मनीष मार्केटमार्गे आला. तोवर डब्यातलं संगीत म्हणजे भजन. टाळ, कधी ढोलकी, नाहीतर डब्याचा पत्रा. ‘८.१४’ किंवा ‘७.५२’ अशा गाडीच्या वेळेने ओळखली जाणारी मंडळं. जागा अडवतात म्हणून त्यांच्यावर चिडणारे होते, आणि त्यांच्यामुळे दीड तास बरा जातो म्हणणारेही. वॉकमनने पहिल्यांदा माणूस गर्दीत एकटा झाला. एका सीटवर चार माणसं, चौथ्याची अर्धी मांडी बाहेर, आणि त्याच्या कानात मात्र वसंतराव. पन्नासेक किलोमीटरच्या रोजच्या प्रवासात इथल्या माणसाने जेवढं गाणं ऐकलं तेवढं दिवाणखान्यात कधीच ऐकलं नसेल. दिवाणखाना होता तरी कुणाकडे?

मधल्या काळात रेडिओही बदलला. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असं सांगितलं. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. निकाल वाचला तर अंगावर काटा येतो. प्रत्यक्षात झालं काय? लिलाव. जास्त बोली लावणाऱ्याला फ्रिक्वेन्सी. बोलीचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळ्या वाहिन्यांवर तीच तीस-चाळीस गाणी, आणि मुंबईच्या खासगी एफएमवर मराठी गाणं का लागत नाही हा वाद वर्षानुवर्षं. स्वतःच्या बातम्या तर त्यांना आजही देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावायच्या. सार्वजनिक मालमत्ता म्हणता म्हणता ती भाड्याने गेली, आणि सरकारने कात्री मात्र आपल्याकडेच ठेवली.

तोपर्यंत आपला गडी पुढे निघून गेला होता. स्टेशनच्या पुलावर एमपीथ्री सीडी आल्या. एका मिनिटाला साधारण एक एमबी, सातशे एमबीची सीडी, म्हणजे एका चकतीत दीडशे गाणी. अख्खे मुकेश तीस-चाळीस रुपयांत. मग मोबाईल आला, मेमरी कार्ड आलं आणि त्याच जिन्याखाली, कधी कधी त्याच दुकानात, कॉम्प्युटर ठेवून पुन्हा तीच पाटी लागली : ‘गाणी भरून मिळतील’. एक जीबीत दोनशेच्या वर. शब्दसुद्धा बदलावा लागला नाही. तिकडे काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस, जिथे आपल्यातले पुष्कळ जण घ्यायला कमी आणि नुसतं चाळायला जास्त जायचे, ते २०१६ च्या सुरुवातीला बंद झालं. पुढे ती जागा नीरव मोदींच्या कंपनीने घेतली आणि ईडीच्या जप्तीत अडकली. अशी गोष्ट कादंबरीत घातली तर संपादक कापेल.

त्याच २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला आणि भरण्याची गरजच संपली. आता सगळं आहे. १९३० च्या दशकातली बालगंधर्वांची तबकडीसुद्धा कुठल्यातरी भल्या माणसाने चढवलेली सापडते. त्याचा आनंद मलाही आहे, उगाच गळा काढत नाही.

पण गाणं घरात नाही. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं पैशांवरून जुळलं नाही, तर शेकडो गाणी एका दिवसात यादीतून गेली. जानेवारी २०२४ मध्ये रेसोने भारतातला गाशा गुंडाळला, त्याच वर्षी एअरटेलने विंक बंद करायचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं निगुतीने केलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. १९७६ ला किशोर गायब करायला मंत्री लागला होता. आता करार संपला तरी पुरतं. जिन्याखालच्या वहीची आणि या याद्यांची तुलना केली की फरक कळतो : ती वही दुकानदाराची होती, पण कॅसेट आपली होती.

आता त्या हरवलेल्या कंपन्यांकडे येतो. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. त्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातलं एक आपल्या मुंबईत, टाऊन हॉलच्या इमारतीशी जोडलेलं मध्यवर्ती ग्रंथालय. पुढे त्यात वर्तमानपत्रं आली. ध्वनिमुद्रणाला असा कायदा नाही. एखाद्याने चार पानी आरतीसंग्रह छापला तर त्याची प्रत सरकारदरबारी ठेवायची सोय आहे. पण १९८७ च्या भीमजयंतीला निघालेली, तीन हजार प्रती खपलेली कॅसेट कुठेही असण्याचं बंधन नव्हतं, आजही नाही. चित्रपटांसाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय उभं राहिलं. लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचं मोठं काम गुरुग्रामच्या केंद्रात होतं. जुन्या तबकड्यांसाठी मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ची हौशी मंडळी स्वतःच्या खिशातून धडपडत आली. कॅसेट मात्र ना अभिजात, ना पुरातन. तिला कोणी विचारत नाही.

आणि टेप थांबत नाही. कोकणच्या दमट हवेत चाळीस वर्षांची टेप म्हणजे बुरशीचं खाद्य. चुंबकीय थर सुटतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. त्यावर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९८७ ची कॅसेट २०४७ संपेपर्यंत कोणाची तरी मालमत्ता. कोणाची? कंपनी बंद, मालक वारला, पोरं इस्टेट एजंट. परवानगी मागायला दार नाही आणि हक्क संपेपर्यंत टेप टिकणार नाही. यात एखाद्या गावातल्या शाहिराचा जगातला एकमेव मुद्रित आवाज असेल तर तो आपल्या माळ्यावर, दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यात संपतोय.

राज्य सरकारने अशा कॅसेटसाठी एक स्वीकृती केंद्र काढावं, जिल्हा ग्रंथालयात एक डेक, एक कॉम्प्युटर आणि एक माणूस द्यावा, ही मागणी फार मोठी नाही. लॅमिंग्टन रोडवर फिरलेली माणसं अजून हयात आहेत, अर्ध्या पगारात शिकवायला तयार होतील. हीच पिढी दहा वर्षांनी नसेल, आणि डेकचा रबरी पट्टा कसा बदलायचा ते सांगणारंही कोणी नसेल.

तोवर एवढं करा. माळा काढाल तेव्हा कॅसेट भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघा. टी-सिरीज, व्हीनस, एच.एम.व्ही. बाजूला ठेवा, त्या कुठेतरी मिळतील. ज्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही, जिच्यावर कल्याण, भिवंडी, औरंगाबाद किंवा नांदेडचा पत्ता आहे, त्या वेगळ्या काढा. पांढरे ठिपके दिसले तर वाजवू नका, डेकचं हेड आणि टेप दोन्ही जातील. कोरड्या जागी, उभ्या ठेवा. आतला कागद उलगडून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, गायक, कवी, ढोलकीवाला, सगळी नावं वाचता येतील असा, आणि इथे खाली टाका. मी नावांची वही करतोय.